थांबायचं की जायचं? फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर संघ कसा निवडतो

फॉर्म्युला वनमध्ये एखाद्या ड्रायव्हरने संघ बदलला की दोन-तीन वर्षांनी त्याच्यावर शिक्का बसतो. नव्या संघात विजेतेपद मिळालं तर तो दूरदृष्टीचा, नाही मिळालं तर त्याने करिअरची माती केली. लुईस हॅमिल्टन २०१३ साली मर्सिडीजमध्ये गेला, तो पहिल्या गटात. फर्नांडो अलोन्सो २०१५ साली मॅक्लारेनमध्ये गेला, तो दुसऱ्या गटात. मला हा न्याय पटत नाही. सही करायच्या दिवशी ड्रायव्हरला काय माहीत होतं, त्याच्यासमोर किती पर्याय होते आणि ठरवायला किती वेळ होता, हे पाहिलं तर या दोन निर्णयांत फारसं अंतर नव्हतं. दोघांनीही जवळजवळ एकच तर्क लावला होता.

आधी गाडीचं समजून घेऊ. इथे प्रत्येक संघ आपली गाडी स्वतः बनवतो. इंजिन मात्र काही संघ स्वतः बनवतात आणि बाकीचे विकत घेतात. एकाच संघातल्या दोन चांगल्या ड्रायव्हरांमध्ये बहुतेक वेळा लॅपमागे, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीमागे, दोन-तीन दशांश सेकंदांचा फरक असतो. दोन संघांच्या गाड्यांमध्ये तो सहज अर्धा सेकंद किंवा त्याहूनही जास्त असू शकतो. लॅपला अर्धा सेकंद म्हणजे ७० लॅपच्या शर्यतीत ३५ सेकंद, आणि एवढी तफावत कोणताही ड्रायव्हर नुसत्या कौशल्यावर भरून काढू शकत नाही. म्हणून 'कोणत्या संघात' हा प्रश्न 'किती चांगला ड्रायव्हर' या प्रश्नाइतकाच मोठा होऊन बसतो.

अडचण अशी की ड्रायव्हर सही करतो ती पुढच्या वर्षीच्या गाडीसाठी, आणि ती अजून तयारच झालेली नसते. हंगाम चालू असताना, बरेचदा ऑगस्टमधल्या उन्हाळी सुट्टीच्या आसपास, पुढच्या वर्षीच्या जागा भरल्या जातात. आज जिंकणारी गाडी पुढच्या वर्षी जिंकेलच असं नाही. त्यातून नियम बदलणार असतील तर आजच्या गाडीवरून उद्याचा अंदाज बांधणं जवळजवळ अशक्य होतं.

आता २०१२ कडे जाऊ. हॅमिल्टन तेरा वर्षांचा असल्यापासून मॅक्लारेनच्या छत्राखाली होता. २००८ चं विजेतेपद त्याने तिथेच मिळवलं होतं. २०१२ ची मॅक्लारेन वेगवान होती, पण भरवशाची नव्हती. २३ सप्टेंबरला सिंगापूरला तो पहिल्या क्रमांकावरून सुटला, आघाडीवर होता आणि शर्यत अर्धीही झालेली नसताना गिअरबॉक्सने दगा दिला. त्यानंतर पाचच दिवसांनी, २८ सप्टेंबरला, तो मर्सिडीजमध्ये जाणार असल्याची घोषणा झाली. बहुतेकांना तो वेडेपणा वाटला. २०१० मध्ये परतलेल्या मर्सिडीज संघाने तोवर तीन हंगामांत मिळून एकच शर्यत जिंकली होती, २०१२ ची चीनची, तीही निको रॉसबर्गने.

मग हॅमिल्टनला काय दिसलं? त्याला समजावणाऱ्यांमध्ये मर्सिडीजचे संघप्रमुख रॉस ब्रॉन आणि तीन वेळचे विश्वविजेते निकी लाउडा होते. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा, की २०१४ मध्ये इंजिनाचे नियम मुळापासून बदलणार आहेत. जुनी २.४ लिटरची व्ही-८ इंजिनं जाऊन १.६ लिटरची टर्बो हायब्रिड व्ही-६ येणार आहेत. असा बदल झाला की स्वतःचं इंजिन बनवणाऱ्या संघाला फायदा होतो. त्याचे चेसिसवाले, म्हणजे इंजिन सोडून बाकीची गाडी बनवणारे, आणि इंजिनवाले पहिल्या रेघेपासून एकत्र काम करतात आणि इंजिनाच्या आकाराप्रमाणे गाडी आखतात. इंजिन विकत घेणाऱ्याला मिळेल त्या आकाराभोवती गाडी बसवावी लागते.

झालंही तसंच. मर्सिडीजने टर्बोचे, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या यंत्राचे, दोन भाग वेगळे केले, कॉम्प्रेसर इंजिनाच्या पुढे आणि टर्बाइन मागे. त्यामुळे गाडीच्या आतली मांडणी आटोपशीर झाली. २०१४ मध्ये मॅक्लारेनकडेही मर्सिडीजचंच इंजिन होतं, तरी तो संघ पाचवा आला. हॅमिल्टनने मर्सिडीजमध्ये सहा विजेतेपदं मिळवली. तो सोडून गेल्यावर मॅक्लारेनला २०१३ मध्ये एकही पोडियम, म्हणजे पहिल्या तिघांतला क्रमांक, मिळाला नाही, आणि २०१२ च्या शेवटच्या शर्यतीनंतरचा पुढचा विजय थेट २०२१ मध्ये इटलीत मोंझाला आला.

आता अलोन्सो. तो २०१० ते २०१४ फेरारीत होता आणि तीनदा दुसरा आला. २०१२ चं विजेतेपद तर अवघ्या तीन गुणांनी हुकलं. २०१४ मध्ये फेरारीचं नवं इंजिन मागे पडलं आणि संघाला एकही शर्यत जिंकता आली नाही. तेव्हा मॅक्लारेन होंडाबरोबर परत एकत्र येत होता. याच जोडीने १९८८ मध्ये १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या होत्या. मर्सिडीजला हरवायचं तर दुसऱ्याचं इंजिन विकत घेऊन भागणार नाही, इंजिन बनवणारी कंपनी पूर्ण ताकदीने आपल्या पाठीशी हवी, हा अलोन्सोचा विचार. हॅमिल्टनने दोन वर्षांपूर्वी केला होता तोच.

पण होंडा उशिरा आली होती, आणि मॅक्लारेनच्या अरुंद मागच्या भागात मावावं म्हणून इंजिन फारच दाटीवाटीने बांधलं होतं. ताकद कमी आणि बिघाड जास्त. त्यात हंगामात इंजिनावर किती बदल करता येतील यावरही तेव्हा नियमांची मर्यादा होती. सुझुकाला, म्हणजे होंडाच्या स्वतःच्या ट्रॅकवर, अलोन्सोने रेडिओवर वैतागून त्या इंजिनाला खालच्या श्रेणीतल्या जीपी-टू गाड्यांचं इंजिन म्हटलं. दोन वेळचा विश्वविजेता त्या वर्षी ११ गुणांसह १७ वा आला. एकच तर्क एकाला सहा विजेतेपदं देऊन गेला आणि दुसऱ्याची चार वर्षं खाऊन गेला. बाहेरून बघणाऱ्या ड्रायव्हरला कोणतं इंजिन फसणार हे दिसण्याची काही सोयच नव्हती.

या गोष्टीचा पुढचा अध्याय डॅनियल रिकार्डोचा. २०१८ मध्ये तो रेड बुलमध्ये होता आणि त्या वर्षी चीन व मोनॅको जिंकला होता. रेड बुलने २०१९ पासून होंडाचं इंजिन घ्यायचं ठरवलं. शिवाय संघ त्याचा सहकारी मॅक्स व्हेर्स्टापेनभोवती उभा राहतोय हे दिसत होतं, आणि बाकूला दोघांची टक्करही झाली होती. ३ ऑगस्ट २०१८ ला त्याने रेनॉल्टला जायचं जाहीर केलं. लोक आजही त्याला नावं ठेवतात, कारण होंडाच्याच इंजिनावर व्हेर्स्टापेन २०२१ मध्ये विश्वविजेता झाला. पण २०१८ च्या ऑगस्टमध्ये होंडाबद्दलचा मोठा पुरावा कोणता होता? अलोन्सोची ती वर्षं. रिकार्डो त्या पुराव्यावर विसंबला. त्याची निवड मला आजही समजण्यासारखी वाटते.

आणि 'स्वतःचं इंजिन असलेला संघच जिंकतो' हा नियमही कायमचा टिकला नाही. २०२४ आणि २०२५ मध्ये संघांचं विजेतेपद मॅक्लारेनने घेतलं, मर्सिडीजचं इंजिन विकत घेऊन. नियम जुने झाले की सगळी इंजिनं जवळपास सारखी होतात आणि मग हवेच्या दाबाचं गणित, म्हणजे एरोडायनॅमिक्स, वरचढ ठरतं. त्यामुळे इंजिन महत्त्वाचं आहे का, हे आपण नियमांच्या चक्रात नेमके कुठे उभे आहोत त्यावर ठरतं. नियम नवे असतील तर हो. जुने झाले असतील तर तितकंसं नाही.

ड्रायव्हर गाडी बघू शकत नाही, पण माणसं बघू शकतो. कोणता डिझायनर कुठून कुठे गेला, ही बातमी ड्रायव्हर आणि त्याचा मॅनेजर फार लक्ष देऊन वाचतात. मोठा इंजिनिअर संघ सोडतो तेव्हा त्याला काही महिने सक्तीने घरी बसवतात, म्हणजे ताजी गुपितं लगेच दुसरीकडे जात नाहीत. त्यानंतर त्याच्या हातची गाडी ट्रॅकवर यायला आणखी वर्ष लागतं. नामांकित डिझायनर एड्रियन न्यूई ॲस्टन मार्टिन संघात जाणार हे सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर झालं, तो रुजू झाला मार्च २०२५ मध्ये, आणि त्याचं काम दिसणार ते २०२६ च्या गाडीत. मायकल शुमाकर १९९६ मध्ये फेरारीत गेला तेव्हा फेरारीच्या ड्रायव्हरला शेवटचं विजेतेपद मिळून सतरा वर्षं होत आली होती. त्याच्यामागोमाग बेनेटनमधून रॉस ब्रॉन आणि डिझायनर रोरी बर्न आले, तरीही विजेतेपद यायला २००० साल उजाडलं. शुमाकर तेव्हा २७ वर्षांचा होता, त्याला थांबणं परवडलं. चाळिशीतल्या ड्रायव्हरला पाच वर्षांची योजना कुणी ऐकवली तर तो काय करणार?

करारांकडे येऊ, कारण बातम्यांमधला सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. 'तीन वर्षांचा करार' असं छापून आलं म्हणजे ड्रायव्हर तीन वर्षं बांधला गेला असं नाही. आत कलमं असतात. काहींत दुसरं वर्ष पुढे चालवायचं की नाही हे संघ ठरवतो. काहींत ठरावीक तारखेपर्यंत ड्रायव्हर ठरावीक क्रमांकाच्या खाली असेल तर तो मोकळा होतो. काहींत दोघांनाही बाहेर पडायची वाट ठेवलेली असते. हॅमिल्टनने ऑगस्ट २०२३ मध्ये मर्सिडीजशी २०२५ अखेरपर्यंतचा करार जाहीर केला होता. १ फेब्रुवारी २०२४ ला तो २०२५ पासून फेरारीत जाणार हे जगाला कळलं. त्याने करार मोडला नव्हता. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडायची मुभा करारातच होती, ती त्याने वापरली. उलट बाजूही तितकीच कठोर आहे. सर्जिओ पेरेझचा रेड बुलबरोबरचा करार जून २०२४ मध्ये वाढवला गेला आणि त्याच डिसेंबरमध्ये त्याला जावं लागलं.

एकाच ड्रायव्हरवर दोन संघ दावा करतात तेव्हा प्रकरण करार मान्यता मंडळाकडे जातं. १९९१ मध्ये शुमाकरने बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर जॉर्डन संघाकडून पहिली शर्यत चालवली आणि पुढच्याच शर्यतीला तो बेनेटनमध्ये दिसला. त्या वादानंतर हे मंडळ उभं राहिलं. संघ आपले करार त्याच्याकडे गुप्तपणे नोंदवतात आणि वाद झाला तर वकिलांचं पॅनेल कोणता करार खरा ते ठरवतं. २०२२ मध्ये अल्पाइन संघाने तरुण ड्रायव्हर ऑस्कर पियास्त्री आपल्यासाठी चालवणार असं जाहीर केलं आणि काही तासांत त्यानेच ते जाहीरपणे नाकारलं. मंडळाने निकाल दिला की त्याचा वैध करार फक्त मॅक्लारेनशी आहे, ४ जुलैला झालेला. अल्पाइनकडे कागद होते, पण पक्का करार नव्हता.

जेन्सन बटनची गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. २००४ मध्ये त्याला बार (बीएआर) नावाचा संघ सोडून विल्यम्सला जायचं होतं, कारण विल्यम्सकडे बीएमडब्ल्यूचं इंजिन होतं. मंडळाने त्याला बारमध्येच थांबायला लावलं. मग त्याने २००६ साठी विल्यम्सशी बांधिलकी केली. तेवढ्यात बीएमडब्ल्यूने विल्यम्सची साथ सोडली आणि होंडा बार विकत घ्यायला निघाली. आता त्याला जायचं नव्हतं! एकदा जाण्यासाठी भांडलेला माणूस पुढच्या वर्षी थांबण्यासाठी पदरचे पैसे देऊन विल्यम्सच्या करारातून सुटला. २००६ मध्ये हंगेरीत त्याने पहिली शर्यत जिंकली. डिसेंबर २००८ मध्ये होंडाने अचानक खेळ सोडला, संघ ब्रॉनच्या नावाने कसाबसा वाचला, बटन कमी पगारावर तिथेच राहिला आणि २००९ चा विश्वविजेता झाला. तोच संघ पुढे मर्सिडीजने घेतला आणि त्याच कारखान्यात २०१३ मध्ये हॅमिल्टन आला.

पैशाचं फार लांबवत नाही. संघांच्या खर्चावर २०२१ पासून कमाल मर्यादा आहे, पण ड्रायव्हरांचा पगार त्या मर्यादेत धरत नाहीत. म्हणजे गाडीवर आणखी खर्च करता येत नसला तरी मोठा ड्रायव्हर आणायला श्रीमंत संघाला कुणी अडवत नाही. तरी वरच्या पाच-सहा ड्रायव्हरांच्या बाबतीत पैसा हे पहिलं कारण क्वचितच असतं असं माझं मत आहे. मुदत हे कारण जास्त वेळा असतं. २०२२ मध्ये सेबास्टियन व्हेटेलने २८ जुलैला निवृत्ती जाहीर केली आणि १ ऑगस्टला अलोन्सो ॲस्टन मार्टिनमध्ये त्याच्या जागी गेला. तो नुकताच ४१ वर्षांचा झाला होता. अल्पाइन फार पुढची हमी द्यायला तयार नव्हता, ॲस्टन मार्टिनने अनेक वर्षांचा करार दिला. त्याने रिकामी केलेली जागा भरायला गेलेल्या अल्पाइनने दुसऱ्याच दिवशी पियास्त्रीचं नाव घेतलं, आणि वरचं सगळं प्रकरण तिथून सुरू झालं. एक खुर्ची हलली की चार हलतात, आणि उशिरा ठरवणाऱ्याला उरलेली मिळते.

सहकारी ड्रायव्हर कोण, हाही प्रश्न असतो. २००७ मध्ये अलोन्सो विश्वविजेता म्हणून मॅक्लारेनमध्ये आला आणि शेजारी पदार्पण करणारा हॅमिल्टन होता. दोघांनी एकमेकांचे गुण खाल्ले. हंगामाअखेर दोघांचे प्रत्येकी १०९ आणि फेरारीच्या किमी रायकोनेनचे ११०, म्हणजे विजेतेपद त्याचं. रेड बुलमधली व्हेर्स्टापेनशेजारची जागा तर अनेकांना जड गेली. २०२५ मध्ये लियाम लॉसनला तिथे दोनच शर्यती मिळाल्या.

आणि समजा सगळं जुळून आलं, तरी नव्या गाडीत बसल्यावर काय होतं? प्रेक्षकांना हे सगळ्यात कमी दिसतं. हॅमिल्टनने मर्सिडीजमध्ये बारा हंगाम काढले, तेही पीटर बॉनिंग्टन या एकाच रेस इंजिनिअरबरोबर, म्हणजे शर्यतीत रेडिओवर ड्रायव्हरशी बोलणाऱ्या माणसाबरोबर. अर्ध्या वाक्यावरून समोरच्याला काय हवंय हे कळायला वर्षं लागतात. फेरारीत नवा इंजिनिअर आला. मायामीत २०२५ मध्ये पुढच्या सहकाऱ्याला बाजूला व्हायला सांगायचं की नाही, हे ट्रॅकच्या कडेला बसलेल्या संघाकडून ठरायला वेळ लागला आणि हॅमिल्टनचा वैताग साऱ्या जगाने रेडिओवर ऐकला.

ब्रेकचंही तसंच. ब्रेकची डिस्क वेगळ्या कंपनीची असली की पायाखालचा पहिला स्पर्शच वेगळा लागतो. शिवाय इंजिन ब्रेकिंग. ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन स्वतःच मागची चाकं थोडी रोखतं, आणि ते किती रोखेल हे स्टिअरिंगवरच्या बटणांनी बदलता येतं. फेरारीत गाडी वळणात वळवायला हे बरंच वापरतात, मर्सिडीजमध्ये आपण ते असं कधी वापरलं नव्हतं, असं हॅमिल्टनने सांगितलं. ताशी तीनशेच्या वेगाने वळणाकडे जाताना बारा वर्षांची पायाची सवय बदलायची, आणि त्यासाठी सराव किती? २०२५ च्या हंगामाआधी अधिकृत चाचणी होती तीन दिवसांची, संघाला एक गाडी, म्हणजे प्रत्येक ड्रायव्हरला दीड दिवस. बाकी शिकायचं ते शर्यतीतच. शांघायची स्प्रिंट, म्हणजे शनिवारची छोटी शर्यत, त्याने जिंकली, पण त्या वर्षी मुख्य शर्यतीत एकदाही तो पोडियमवर आला नाही. त्याच्यासाठी फेरारीतून बाहेर पडावं लागलेला कार्लोस साइन्झ विल्यम्समध्ये जाऊन दोनदा तिसरा आला, बाकू आणि कतारला. म्हणून हॅमिल्टनचा निर्णय चुकला म्हणायचं का? माझ्या मते एका वर्षावरून नाही. पहिलं वर्ष शिकण्यातच जातं आणि त्याची सही २०२६ च्या नव्या नियमांसाठीही होती.

थांबण्याचा निर्णयही निर्णयच असतो, तो बातम्यांत तेवढा गाजत नाही इतकंच. २०२५ च्या उन्हाळ्यात व्हेर्स्टापेन रेड बुल सोडून मर्सिडीजला जाईल अशी चर्चा जोरात होती. गाडी नीट चालत नव्हती, जुलैमध्ये संघप्रमुख ख्रिश्चन हॉर्नरला काढलं होतं. करार २०२८ पर्यंतचा होता, पण बातम्यांनुसार उन्हाळी सुट्टीपर्यंत तो पहिल्या तिघांत नसता तर त्याला बाहेर पडता आलं असतं. तो तिसरा होता. हंगेरीच्या शर्यतीआधी त्याने २०२६ मध्येही रेड बुलमध्येच राहणार असल्याचं सांगून टाकलं. ऑगस्टअखेर नेदरलँड्सच्या शर्यतीनंतर तो पहिल्या क्रमांकापासून १०४ गुण मागे होता. मग गाडी सुधारली, आणि विजेतेपद लँडो नॉरिसकडे गेलं ते फक्त दोन गुणांनी.

पण ही दुरुस्ती जुन्या नियमांच्या शेवटच्या वर्षातली होती. २०२६ मध्ये गाडीच्या विजेच्या मोटरची ताकद १२० किलोवॅटवरून ३५० वर जाते आणि इंजिनं पुन्हा नव्याने बनतात, २०१४ सारखीच. रेड बुलने यावेळी होंडाची साथ सोडून फोर्डच्या मदतीने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं इंजिन बांधलं आहे, आणि होंडा ॲस्टन मार्टिनकडे, न्यूईकडे गेली आहे. व्हेर्स्टापेनने थांबायचं ठरवलं तेव्हा ते इंजिन एकाही शर्यतीत धावलेलं नव्हतं.